पिल्लू कासवाचं कवच: कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय सांभाळायचं

कासवाच्या पिल्लाचं कवच बिघडायला लागतं तेव्हा पिल्लू नीट खात असतं, पेटीभर फिरत असतं, डोळेही टकटकीत असतात. कवच वाकडं किंवा मऊ झाल्याचं आपल्या लक्षात येईपर्यंत चूक कित्येक आठवडे चालू असते. कवच म्हणजे पाठीवर ठेवलेलं झाकण नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच एकजीव झालेल्या असतात. त्या हाडावर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाचे खवले असतात. खवल्यांखाली रक्त फिरतं, स्पर्श कळतो, वेदनाही होते. एकदा वाकडं तयार झालेलं हाड पुढं सरळ होत नाही. सुधारते ती फक्त त्यानंतरची वाढ. म्हणून पहिली दोन वर्षं सगळ्यात मोलाची.

कोल्हापुरात अडचण दुहेरी आहे. फेब्रुवारी ते मे हवा कोरडी, दुपारी तर फारच. त्याच घरात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आभाळ भरलेलं आणि उन्हाचा पत्ता नाही. उन्हाळ्यात कवचाला उंचवटे येतात, पावसाळ्यात ते मऊ पडतं किंवा कुजतं. बारा महिने एकच पद्धत चालवली की यातलं एक तरी होतंच. शिरोळकडचं कोरडं गाव आणि गगनबावड्याकडचं धो धो पावसाचं गाव यांतही फरक पडतो, त्यामुळे पुस्तकी आकड्यांपेक्षा तुमच्या पेटीतल्या थर्मामीटरवर आणि आर्द्रतामापकावर जास्त विश्वास ठेवा. दोन्ही एकत्र दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. ते घेतल्याशिवाय पिल्लू आणू नका.

आधी कासव कोणतं ते ठरवा

पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं स्टार कासव घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुणी भेट दिलं असेल किंवा सापडलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. दुकानांतून येणारं जमिनीवरचं परदेशी कासव बहुतेक वेळा सुलकाटा असतं, म्हणजे आफ्रिकेतलं, मांड्यांवर काटे असलेलं. त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदाराकडून पावती आणि कागद मागून घ्या. कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू हे रेड-इअर्ड स्लायडर, ते पाण्यातलं. खालची माहिती मुख्यतः जमिनीवरच्या पिल्लांसाठी आहे. स्लायडरचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगितलं आहे.

काय बरोबर, काय बिघडलेलं

पुष्कळ लोक नको तिथं घाबरतात आणि हवं तिथं गाफील राहतात. खवल्यांच्या सांध्यात दिसणारी फिकट, पांढरट रेघ ही बुरशी नव्हे, ती नवी वाढ आहे. पिल्लू जोमानं वाढत असेल तर ती चांगली ठळक दिसते. ती खरवडू नका. बुरशी किंवा कुजणं असेल तर डाग खवल्याच्या मध्यावर किंवा पोटाकडच्या ढालीवर दिसतो, त्याची कड ओबडधोबड असते, तो पसरत जातो, भुरभुरतो किंवा खोलगट होतो, आणि पुढं वास येतो.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं कवच किंचित लवचिक असतं. पहिल्या काही महिन्यांत पोटाकडची ढाल बोटाला थोडी दबते, ते ठीक. पण ती महिन्यागणिक टणक होत गेली पाहिजे. वर्षाच्या आसपासचं सुलकाटा दाबल्यावर दबत असेल, किंवा आधी टणक झालेलं कवच पुन्हा मऊ लागत असेल, तर तो आजार आहे. तपासताना पिल्लू तळहातावर ठेवा आणि अंगठा व तर्जनी यांत कवचाची बाजूची कड धरून अगदी हलका दाब द्या. आठवड्यातून एकदा पुरे. रोज दाबून पाहू नका.

स्लायडरचे खवले वाढीबरोबर पातळ पापुद्र्यासारखे सुटून पडतात आणि खाली स्वच्छ नवा खवला दिसतो. जमिनीवरच्या कासवाचे खवले असे गळत नाहीत. त्याचा खवला सुटला तर भाजणं, जखम किंवा संसर्ग यांपैकी काहीतरी झालेलं आहे.

उंचवटे: कोरड्या हवेचा आजार

प्रत्येक खवला बुरुजासारखा वर उचलला जातो, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. प्रथिनं जास्त झाली म्हणून असं होतं, ही जुनी समजूत अजून चालते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवली गेली. उंचवटे आले ते प्रामुख्यानं कोरड्या हवेतल्या पिल्लांना. प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. निसर्गातसुद्धा ही पिल्लं उघड्या माळावर पडून नसतात, बिळातल्या ओलसर उबेत बराच वेळ असतात.

म्हणून पिल्लासाठी उघडा टब नको, झाकणाची पेटी हवी. चार फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची किंवा प्लॅस्टिकची पेटी पहिल्या वर्ष-दीड वर्षाला पुरते. वर झाकण ठेवा आणि दोन बाजूंना बोटभर फट सोडा, नाहीतर हवा कोंदते.

तळाला कोकोपीट घाला. रोपवाटिकेत मिळणारी वीट बादलीत भिजवा, पाणी दोन-तीनदा बदलून पिळून घ्या, कारण नारळाच्या काथ्यात मीठ राहिलेलं असू शकतं. सात-आठ सेंटिमीटरचा थर करून दाबून बसवा. मग पाणी वरून शिंपडायचं नाही, चार कोपऱ्यांत ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि पिल्लाचं पोट टेकतं तो वरचा पृष्ठभाग कोरडा. खालचं कोकोपीट मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. वाळू वापरू नका, ती पोटात जाऊन आतडं तुंबतं. वर्तमानपत्र आणि लाकडाचा भुसा पेटी कोरडी करतात.

सुलकाटाच्या पिल्लाला आर्द्रता ७० ते ८० टक्के, उबदार बाजूची हवा ३० ते ३२ अंश, दिव्याखालची जागा ३५ ते ३७ अंश आणि रात्री कुठंही २६ च्या खाली नको. दिव्याखालचं तापमान जमिनीवर मोजू नका. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजा, कारण तिथं ते जास्त असतं.

दिव्याचीच एक चूक हमखास होते. एकच जोरदार स्पॉट बल्ब जवळ लावला की पाठीच्या मधल्या खवल्यांवर तेवढीच उष्णता एकवटते, केराटिन तिथं वाळतं आणि पेटीत ७० टक्के आर्द्रता असूनही माथ्यावर उंचवटे येतात. त्याऐवजी कमी वॅटचे, पसरट प्रकाशाचे दोन बल्ब शेजारी शेजारी लावा, म्हणजे अख्खी पाठ सारखी तापते. रात्री दिवे बंद; उबेसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला तो आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर, ठेवा.

रोजची आंघोळ टाळू नका. पसरट टबात हाताला कोमट लागेल असं पाणी घ्या, ते पिल्लाच्या हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे. २० ते ३० मिनिटं ठेवा आणि पाणी गार झालं की बदला. दोन-तीन वेळा ओंजळीनं पाठीवर सोडा. मार्च ते मे दिवसातून दोनदा करायला हरकत नाही. नंतर पोटाकडची ढाल आणि पायांचे खळगे मऊ कापडानं टिपून मगच पेटीत सोडा.

आधीच उंचवटे आलेलं पिल्लू असेल तर ते घासून किंवा कानशीनं सपाट करायचा विचारही करू नका. आत जिवंत हाड आहे. आर्द्रता सुधारली की पुढची वाढ सपाट येते आणि जुने उंचवटे मोठ्या आकारात कमी उठून दिसतात. हे व्हायला वर्षं लागतात.

मऊ कवच: ऊन आणि कॅल्शियम

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते रक्तात शोषलं जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते पिल्लाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारच्या अतिनील, किरणांनी तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. काचेमागचं ऊन फक्त पेटी तापवतं. काचेची टाकी उन्हात ठेवली तर पिल्लू थोड्या मिनिटांत मरू शकतं.

उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ, हिवाळ्यात दहा ते बारा, अर्धा-पाऊण तास थेट ऊन द्या. परड्यात किंवा गच्चीवर लाकडी चौकट ठेवा, अर्ध्या भागावर सावली आणि त्यात पाण्याची पसरट थाळी. गच्चीचा स्लॅब लवकर तापतो, खाली गोणपाट टाका. वरून मोठ्या छिद्रांची जाळी हवीच, कारण कावळा, घार आणि मांजर यांना पिल्लू उचलायला क्षणभर पुरतो. घुशी तर रात्री कवचाची कड कुरतडतात. म्हणून रात्री पिल्लू बाहेर कधीच नको.

जून ते सप्टेंबर मात्र ऊन भरवशाचं नाही. तेव्हा सरळ नळीचा यूव्हीबी दिवा लागतोच. पाच ते सहा टक्के क्षमतेची टी-५ नळी पिल्लाच्या पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता लावा. नेमकं अंतर त्या नळीच्या पाकिटावरच्या तक्त्यात असतं. नळी रोज १० ते १२ तास चालू ठेवा. ती वर्षानं बदला, कारण उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी संपत आलेलं असतं. दुकानात ‘कासवाचा दिवा’ म्हणून मिळणारे बरेच बल्ब फक्त उष्णता देतात. पाकिटावर यूव्हीबी लिहिलंय का ते वाचा.

आता खाणं. इथं कोल्हापूरचं वैरण नीट समजून घ्यायला हवं. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मुबलक असतं म्हणून ते बारीक कापून पिल्लाला घातलं जातं. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या म्हशीला कॅल्शियम कमी पडतं, हे गोठा सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं. पन्नास ग्रॅमच्या पिल्लाचं तर त्याहून लवकर होतं. पालक, चाकवत, घोळ आणि माठ यांचंही तेच. घोळ किंवा माठ कधीतरी चालेल, पालक रोज नको.

रोजच्या खाण्यात मोठा वाटा गवताचा असावा: कोवळी हरळी कात्रीनं बारीक करून. बरोबर जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं. फड्या निवडुंगाचं पान अतिशय चांगलं, त्यात कॅल्शियम आणि पाणी दोन्ही; मोठे काटे काढा, मग बारीक कुसं जळून जातील इतपत गॅसवर फिरवा, सोलून तुकडे करा. मेथीघास आठवड्यातून एखाद्या वेळी. फळं, टोमॅटो, भात, चपाती, दूध, कुत्र्याचं खाद्य सुलकाटाला नको. बांधावरचं गवत आणताना शेतमालकाला विचारा की तणनाशक मारलंय का. शंका असेल तर ते गवत सोडून द्या. कुंडीत हरळी लावणं अवघड नाही.

वरून कॅल्शियम कार्बोनेटची पूड एक चिमूट, आठवड्यातून तीन-चार वेळा, ओलसर पानांवर भुरभुरून. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेणाचा तुकडा पेटीत ठेवला तर पिल्लू स्वतः कुरतडतं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मैद्याइतकी बारीक केली तरी चालतात. पानाचा चुना देऊ नका, तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. म्हशीसाठी आणलेलं पातळ कॅल्शियम किंवा खनिज मिश्रणही नको. त्यात ड-३ किती आणि स्फुरद किती, आणि इवल्या पिल्लाला त्याचा कितवा भाग द्यायचा, हे घरी मोजता येत नाही. ड-३ जास्त झालं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. थेट ऊन मिळत असेल तर पुडीत ड-३ नको. पावसाळ्यात ऊन आणि नळी दोन्ही नसतील तरच ड-३ असलेली सरीसृपांची पूड आठवड्यातून एकदा.

कवच मऊ, कडा वर वळलेल्या, जबडा रबरासारखा, चालताना पोट उचललं जात नाही, मागचे पाय फरफटतात, अंग थरथरतं: यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा. एक्स-रे काढून आणि रक्तातलं कॅल्शियम पाहून पशुवैद्यच उपचार ठरवू शकतो. तोवर पिल्लाला घट्ट धरू नका, पोटाखाली आधार देऊन उचला. मऊ हाडं हाताच्या दाबानंही मोडतात.

कवच कुजणं: थंड ओल

इथं लोक गोंधळतात. पिल्लाला ओल हवी असंही सांगायचं आणि ओलीनं कवच कुजतं असंही. दोन्ही खरं आहे. ओल हवी ती उबदार. तापमान २६ च्या खाली गेलं, वरचा थर चिखल झाला, विष्ठा दोन दिवस तशीच राहिली, की जिवाणू आणि बुरशी पोटाकडच्या ढालीत शिरतात, कारण ती सतत जमिनीला टेकलेली असते. छातीही तेव्हाच धरते. नाकातून बुडबुडे आणि उघड्या तोंडानं श्वास हे त्याचं लक्षण. म्हणून पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असताना कोपऱ्यांत पाणी घालणं कमी करा, उष्णता मात्र कमी करू नका. विष्ठा आणि उरलेलं खाणं रोज काढा, वरचं कोकोपीट आठवड्यानं हलवा, दीड-दोन महिन्यांनी पूर्ण बदला. दर रविवारी पिल्लू उलटं न करता डोळ्यांच्या वर उचलून पोट पाहा. स्लायडरला पाण्याबाहेर येऊन पूर्ण वाळता येईल असा दगड किंवा फळी हवी. ती नसेल तर कितीही पाणी बदला, कवच कुजतंच.

डाग लहान आणि वरवरचा असेल तर:

१. पिल्लू वेगळ्या टबात टिश्यू पेपरवर ठेवा, कागद रोज बदला, तापमान २८ ते ३२ अंश ठेवा.
२. कोमट पाणी आणि मऊ टूथब्रशनं जागा साफ करा. खपली उकरू नका.
३. दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन एक भाग आणि पाणी नऊ भाग मिसळा. कापसानं लावा, पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग पुसून घ्या. डोळे आणि तोंड सांभाळा.
४. पूर्ण कोरडं होईपर्यंत टॉवेलवर ठेवा. हे दिवसातून एकदा किंवा दोनदा.
५. पहिल्या दिवशी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, मग दर दोन दिवसांनी.

आंघोळ बंद करू नका, नाहीतर पिल्लू आतून कोरडं पडेल. आंघोळीनंतर लगेच टिपा आणि मग औषध लावा. आठवड्यात डाग आटला नाही तर दवाखाना. वास, पू, खड्ड्यात दिसणारं हाड, खाणं सोडणं असेल तर आठवडा थांबू नका. पोटाच्या खवल्यांखाली रक्त साकळल्यासारखे लालभडक डाग दिसले तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो. त्याच दिवशी न्या.

तेल, हळद, रंग

कवच चमकावं म्हणून खोबरेल तेल, ओळखीसाठी नेलपॉलिश, शुभ म्हणून हळदीकुंकू. भावना समजते, पण तेलावर धूळ आणि जंतू चिकटतात, रंगातले द्राव खवल्यात मुरतात, आणि सांध्यात बसलेली हळद-कुंकवाची पूड ओल धरून ठेवते, खालचा डागही झाकते. पूजा करायची तर फूल समोर ठेवा; जास्वंदीचं असेल तर पिल्लू ते खाईलही. ओळखीसाठी पोटाचा फोटो काढा, प्रत्येकाची नक्षी वेगळी असते.

पडणं, कुत्रा चावणं, अळ्या

फट पडली किंवा दात लागले तर स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा. सलाइननं धुवा, सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ठेवून वरून सैल पट्टी गुंडाळा, हवेशीर खोक्यात उबेत ठेवून न्या. पाण्यात बसवू नका, फटीतून पाणी आत जातं. फेविक्विक, एमसील, सिमेंट काहीही लावू नका: संसर्ग आत बंद होतो आणि वाढत्या पिल्लाचं कवच तिथं अडतं. कुत्रा चावला असेल तर जखम लहान दिसली तरी प्रतिजैविक लागतं.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसतात आणि अंडी घालतात, मग अळ्या पडतात. त्या चिमट्यानं काढून सलाइननं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. जनावरांच्या जखमेवर घालतात ते टर्पेंटाईन आणि स्प्रे इथं चालत नाहीत. एक गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा: कासवाला आयव्हरमेक्टिन देता येत नाही. गाई-म्हशींना आणि कुत्र्यांना ते सर्रास देतात, कासवाला ते जीवघेणं ठरतं. दवाखाना निवडताना आधी फोन करून विचारा की सरीसृपांवर उपचार करता का, एक्स-रेची सोय आहे का. दोन्ही नसेल तर पुण्याला नेण्याची तयारी ठेवा. सोबत वजनाची नोंद न्या. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आठवड्याला एकदा केलेली नोंद डॉक्टरला खूप काही सांगते.

सांभाळणं जमत नाही असं वाटलं तर रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. सुलकाटा पाण्यात बुडून मरतं, आणि स्लायडर जगलं तर इथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवा किंवा वनविभागाला विचारा.

वीज गेली तर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या कित्येक भागांत वीज नव्हती. तशी वेळ पुन्हा येऊ शकते, म्हणून जूनच्या आधी थर्मोकोलचं एक खोकं, झाकणाला चार-पाच भोकं पाडून, तयार ठेवा. वीज गेल्यावर पिल्लू ओल्या पेटीत ठेवू नका. खोक्यात कोरडा टॉवेल आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका कडेला. दुसरी कड मोकळी, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकेल. बाटली तीन-चार तासांनी बदला. या काळात खायला देऊ नका, कारण थंड पिल्लाचं अन्न पचत नाही, आतच आंबतं. वीज आली की आधी पेटी २७ अंशांपर्यंत तापू द्या, मग कोमट आंघोळ, आणि पिल्लू पेटीत स्वतःहून हिंडायला लागलं की थोडी कोवळी हरळी.